गावचा संघ आणि गावचा प्रेक्षक

फुटबॉलचा खेळ पाहण्याची सोय आज जितकी सुलभ झाली आहे, तितकी ती पूर्वी कधीही नव्हती. इंग्लंड, स्पेन किंवा जर्मनी येथील नामांकित संघांचे सामने महाराष्ट्रातील लहानशा गावातही घरबसल्या पाहता येतात. विश्वचषक स्पर्धेचे वर्ष उजाडले की कोल्हापूरच्या पेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे ध्वज फडकू लागतात, चौकाचौकांत परदेशी खेळाडूंचे फलक उभे राहतात आणि रात्र रात्र जागून सामने पाहिले जातात. खेळाच्या प्रसाराच्या दृष्टीने ही इष्टच गोष्ट होय. परंतु याच काळात अनेक तालुक्यांच्या ठिकाणी असेही दृश्य दिसते की, आंतरशालेय अथवा जिल्हास्तरीय सामना चालू असतो, मुले जिवाच्या आकांताने खेळत असतात आणि मैदानाच्या कडेला राखीव खेळाडू, दोन शिक्षक व काही पालक यांच्याखेरीज कोणीही नसते.

यातून एक साधा पण विचारात घेण्याजोगा प्रश्न उपस्थित होतो. क्रीडारसिकाने आपल्या गावच्या किंवा शहराच्या संघाच्या पाठीशी उभे राहावे काय? की खेळ ही केवळ आवडीची बाब असल्याने ज्याला जो संघ रुचेल त्याचा त्याने पुरस्कार करावा? वरवर पाहता हा प्रश्न हौसेचा वाटतो. प्रत्यक्षात मात्र मैदाने, शाळा, तालमी, नगरपालिका आणि ग्रामपंचायती या सर्वांचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे.

प्रेक्षकाची गरज कोणाला?

परदेशातील मोठ्या संघाचे अर्थकारण आणि गावच्या संघाचे अर्थकारण यांत मूलभूत भेद आहे. युरोपातील आघाडीच्या संघांना दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या हक्कांतून, व्यापारी संस्थांच्या जाहिरातींतून आणि संघाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंतून अफाट उत्पन्न मिळते. साताऱ्यातील किंवा सांगलीतील एखाद्या तरुणाने रात्री त्यांचा सामना पाहिला काय अथवा न पाहिला काय, त्या संघाच्या भवितव्यावर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही.

गावच्या संघाची गोष्ट निराळी आहे. त्याचा खर्च चालतो तो वर्गणीवर, स्थानिक व्यापाऱ्यांनी ठेवलेल्या बक्षिसांवर, तिकिटांच्या अल्प उत्पन्नावर आणि काही हौशी कार्यकर्त्यांच्या पदरमोडीवर. बक्षीस देणारा व्यापारी देखील मैदानावर गर्दी होते की नाही हे पाहूनच पुढील वर्षाचा निर्णय घेतो. नगरपालिकेच्या सभेत मैदानाच्या दुरुस्तीचा विषय निघाला म्हणजे त्या मैदानाचा उपयोग किती लोक करतात, हा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. रिकाम्या मैदानाचे समर्थन कोणालाही करता येत नाही आणि अशा मैदानावर प्रथम वाहनतळ, मग प्रदर्शन आणि शेवटी बांधकाम येण्यास फारसा काळ लागत नाही. प्रेक्षकांची उपस्थिती हा मैदानाचा एक प्रकारचा सातबाराच होय, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

प्रेक्षकांचा खेळावर होणारा परिणामही दुर्लक्षणीय नाही. कोरोना साथीच्या काळात, मे २०२० मध्ये, जर्मनीतील प्रमुख फुटबॉल स्पर्धा रिकाम्या प्रेक्षागारांत पुन्हा सुरू करण्यात आली. तेव्हा यजमान संघांच्या विजयाचे प्रमाण नेहमीपेक्षा घटल्याचे आढळून आले. मैदान तेच होते, खेळाडू तेच होते, नव्हता तो केवळ प्रेक्षकांचा आवाज. खेळाडूच्या आणि पंचांच्या मनावर त्या आवाजाचा प्रभाव पडत असतो, ही गोष्ट या अनुभवाने अधिक स्पष्ट झाली.

मुंबईतील जून २०१८

प्रेक्षकांची उदासीनता ही केवळ लहान गावांपुरती मर्यादित नाही. जून २०१८ मध्ये मुंबईतील अंधेरी येथील मैदानावर चार देशांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा आयोजित करण्यात आली होती. १ जून रोजी भारताने चिनी तैपेईचा ५-० असा दणदणीत पराभव केला आणि कर्णधार सुनील छेत्री याने तीन गोल नोंदवले. तथापि, एवढ्या मोठ्या महानगरात हा विजय पाहण्यासाठी केवळ २,५६९ प्रेक्षक उपस्थित होते.

त्यानंतर छेत्रीने चित्रफितीद्वारे देशातील फुटबॉलप्रेमींना आवाहन केले. युरोपातील संघांवर प्रेम करणाऱ्या रसिकांनाच त्याने विशेषेकरून साद घातली होती. आपल्या संघाचा दर्जा त्या संघांइतका नाही हे त्याने मोकळेपणाने मान्य केले आणि तरीही मैदानावर या, हवी तर टीका करा, पण या, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. ४ जून रोजी केनियाविरुद्ध झालेल्या सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. मुसळधार पावसातही प्रेक्षक जागचे हलले नाहीत आणि भारताने तो सामना ३-० असा जिंकला.

या घटनेतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, प्रेक्षक मुंबईत होतेच. त्यांना खेळाची आवडही होती. फक्त आपले येणे कोणाला तरी आवश्यक आहे ही जाणीव त्यांना नव्हती. दुसरी अशी की, परदेशी संघाविषयीचे प्रेम आणि आपल्या संघाला दिलेला पाठिंबा या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. त्या दिवशी मैदानावर आलेल्यांपैकी कोणाला युरोपातील संघाचा त्याग करावा लागला नव्हता.

कोल्हापूरच्या तालमींचा वारसा

एका आवाहनाने एका सामन्याला गर्दी जमते. पिढ्यानपिढ्या टिकणारी आस्था निर्माण व्हावयाची तर तिला संस्थेचा आधार लागतो. महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण कोल्हापूरचे आहे.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कोल्हापुरात कुस्तीला मोठा राजाश्रय लाभला. १९१२ मध्ये खासबाग येथे कुस्तीचे भव्य मैदान उभे राहिले. शहराच्या प्रत्येक पेठेत तालीम होती आणि पेठेतील तरुण त्या तालमीच्या छत्राखाली वाढत असे. पुढे फुटबॉलचा खेळ शहरात रुजला तो या तालमींच्याच आश्रयाने. म्हणूनच आज कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावे पाहिली तर त्यांत पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी नावे आढळतात. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ यांसारखे संघही आहेत. लाल मातीतील आखाड्याचे नाव धारण करून चेंडूचा खेळ खेळणारे असे संघ अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळतील.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वतीने वरिष्ठ गटाची साखळी स्पर्धा घेतली जाते. पावसाळा सरल्यानंतर सुरू होणारा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. साखळीखेरीज निरनिराळ्या चषकांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धाही होतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर दोन नामांकित तालमींचा सामना असला म्हणजे भर दुपारच्या उन्हात हजारो प्रेक्षक गॅलरीत दाटीवाटीने बसलेले दिसतात. शहरात त्या दिवशी दुसरा विषय नसतो.

हा प्रेक्षक परदेशी संघाच्या चाहत्याहून एका बाबतीत वेगळा असतो. तो ज्याच्या नावाने टाळ्या वाजवतो तो खेळाडू त्याच्या गल्लीतला असतो. सकाळी दूध घालणारा, दुपारी महाविद्यालयात जाणारा किंवा कारखान्यात कामाला असणारा मुलगा संध्याकाळी संघाचा आघाडीचा खेळाडू असतो. त्याच्या चुकीवर चौकात जाहीर टीका होते आणि तोच जखमी झाला की त्याच्या औषधपाण्यासाठी तालमीत पेटी फिरते. शिवाय तालीम ही केवळ संघापुरती संस्था नसते. पेठेतील सण-उत्सव, रक्तदान, अडीअडचणीतील मदत या सर्वांचे केंद्र तीच असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या तालमी आणि तरुण मंडळे पूरग्रस्तांच्या मदतीसाठी पुढे सरसावली, ती याच संघटनेच्या बळावर. संघाच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे या संघटनेला बळ देणे होय.

याच वातावरणातून अनिकेत जाधव याच्यासारखा खेळाडू घडतो. कोल्हापुरात खेळाची सुरुवात केल्यानंतर पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीत त्याला प्रशिक्षण मिळाले आणि २०१७ मध्ये भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत तो देशाकडून खेळला. गॅलरीतील गर्दी पाहून ज्या लहान मुलाला प्रथम चेंडू पायात घ्यावासा वाटतो, त्याच्यातूनच उद्याचा खेळाडू निर्माण होत असतो. पडद्यावरील परदेशी खेळाडू त्याला स्वप्न देऊ शकतो. ते स्वप्न आपल्याही आवाक्यात आहे, हा विश्वास मात्र त्याला शेजारच्या दादाचा खेळ पाहूनच येतो.

संघ कोणाचा?

तालमींच्या संघांची ही चिवट परंपरा दुसऱ्या एका प्रकारच्या संघांशी ताडून पाहण्यासारखी आहे. देशात उद्योगसमूहांनी चालविलेले अनेक उत्तम संघ होऊन गेले. मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती. पंजाबातील जेसीटी हा संघ १९९६-९७ मधील पहिल्याच राष्ट्रीय लीगचा विजेता होता. यांपैकी महिंद्र युनायटेड २०१० मध्ये, तर जेसीटी २०११ मध्ये बंद करण्यात आला. पुण्यात इंडियन सुपर लीगच्या प्रारंभापासून, म्हणजे २०१४ पासून, खेळणारा एफसी पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. या संघांनी खेळाची सेवा केली यात शंका नाही. त्यांना पाठीराखेही होते. परंतु संघ राहावा की जावा, हा निर्णय सर्वस्वी मालकांच्या हाती होता आणि त्यांचा हिशेब बदलताच संघाचे अस्तित्व संपुष्टात आले.

शेजारच्या गोव्याचा अनुभवही बोधप्रद आहे. २००७-०८ ते २०१२-१३ या सलग सहा हंगामांत आय-लीगचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर यांनी ते आपसांत वाटून घेतले. राष्ट्रीय स्पर्धांच्या नव्या रचनेविषयी मतभेद झाल्याने २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे संघ आय-लीगमधून बाहेर पडले. राष्ट्रीय व्यासपीठ गेले तरी गोव्यातील स्थानिक स्पर्धा चालूच राहिल्या. गावोगावची मैदाने आणि चर्चच्या प्रांगणाजवळ संध्याकाळी जमणारे प्रेक्षक यांनी खेळ जिवंत ठेवला. धेंपो संघ २०२४-२५ च्या हंगामात पुन्हा आय-लीगमध्ये दाखल झाला. मूळ शाबूत असले म्हणजे छाटलेल्या झाडाला पालवी फुटते, याचे हे उदाहरण होय.

प्रेक्षकांची निष्ठा काय करू शकते हे पाहावयाचे तर कोलकात्याकडे वळावे लागते. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या मोहन बागान संघाने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली. त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. हा विजय केवळ एका संघाचा न राहता परकीय सत्तेखालील समाजाचा ठरला. शंभराहून अधिक वर्षांनंतर, २०२० मध्ये, या संघाच्या फुटबॉल विभागाचे एका व्यावसायिक संघाशी एकत्रीकरण झाले आणि संघाच्या नावाआधी त्या संघाची आद्याक्षरे आली. पाठीराख्यांनी सतत तीन वर्षे या नावाला विरोध केला. अखेर २०२३ मध्ये ती आद्याक्षरे वगळण्यात आली.

इंग्लंडमध्ये तर याहूनही पुढची पायरी गाठली गेली. लंडनमधील विंबल्डन संघ दूरवरच्या मिल्टन कीन्स या शहरात हलविण्यास २००२ मध्ये परवानगी मिळाली. तेव्हा त्याच्या पाठीराख्यांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा संघ उभारला. अगदी खालच्या श्रेणीपासून सुरुवात करून तो २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या जुन्या परिसरातील नव्या मैदानावर परतला. ज्या संघाला पाठीराखे आहेत तो संघ कागदोपत्री नाहीसा झाला तरी पुन्हा उभा राहू शकतो.

काही आक्षेप

स्थानिक संघाच्या पाठिंब्याविषयी काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्यांशही आहे.

पहिला आक्षेप दर्जाचा. ज्याने जगातील सर्वोत्तम खेळ पाहिला त्याला गावच्या मैदानावरील चुकांचा खेळ कसा रुचावा? हा आक्षेप नाकारण्याचे कारण नाही. उत्तम खेळ पाहिल्याने जाण वाढते. परंतु ही वाढलेली जाण घेऊन प्रेक्षक गावच्या मैदानावर आला तरच स्थानिक खेळाचा दर्जा सुधारण्याची शक्यता निर्माण होते. जाणकार प्रेक्षक चेंडू उगाच उंच मारणाऱ्याला टाळी देत नाही, तो अचूक पास देणाऱ्याला दाद देतो. दर्जा वाढल्यावर येऊ, असे प्रेक्षकाने म्हणावे आणि प्रेक्षक आल्यावर दर्जा वाढवू, असे संघाने म्हणावे, तर दोघेही जागच्या जागी राहतील.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. आवड ही लादता येत नाही. कोणी कोणता संघ आवडता मानावा हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही, आणि गावच्या संघाला पाठिंबा न देणारा माणूस गावाचा द्रोही ठरत नाही. हेही खरे आहे. म्हणून येथे प्रश्न सक्तीचा नसून शेजारधर्माचा आहे. दूरच्या नातलगाच्या घरी लग्नाला जाण्यास कोणाची हरकत नसते, पण शेजारच्या घरच्या कार्याला हजर राहिल्याने जो आधार मिळतो तो निराळाच असतो.

तिसरा आक्षेप असा की, संघातील खेळाडूच स्थानिक राहिले नाहीत. कोल्हापूरच्या तालमीही अलीकडच्या वर्षांत आफ्रिकी देशांतील खेळाडूंना करारबद्ध करीत आल्या आहेत. बाहेरचा खेळाडू आल्याने खेळाला वेग येतो आणि स्थानिक मुलांना शिकावयास मिळते. मात्र त्याच्या मानधनापायी पेठेतील मुलाला संघात जागाच उरली नाही, तर तालमीचा मूळ हेतू विफल होतो. येथेही प्रेक्षकाचे मत निर्णायक ठरू शकते. केवळ विजयच हवा असे प्रेक्षक म्हणत राहिले तर संघ विजय विकत घेतील. आपली मुले खेळताना पाहावयाची आहेत असे ते म्हणाले, तर संघांना त्याची दखल घ्यावी लागेल. बाहेरून आलेल्या खेळाडूला पाहुण्याचा मान मिळाला पाहिजे आणि त्याच्या वर्णावरून वा देशावरून कोणी टोमणा मारल्यास त्याला शेजारच्याच प्रेक्षकाने गप्प केले पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेलेल्यांचाही एक प्रश्न असतो. कोल्हापूरचा माणूस पिंपरी-चिंचवडला स्थायिक झाला तर त्याचा गावचा संघ कोणता? मन पेठेत गुंतलेले असावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याची मुले जेथे शाळेत जातात, तेथील मैदानालाही त्याची गरज आहे. दोन्ही ठिकाणी आपुलकी ठेवणे अशक्य नाही.

निष्ठेची मर्यादा

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याचे उत्तर केवळ शब्दांनी देता येण्यासारखे नाही. स्थानिक निष्ठेतून वैर निर्माण होते, असा हा आक्षेप आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यातील सामन्याच्या वेळी प्रेक्षागारात दंगल उसळली आणि चेंगराचेंगरीत १६ फुटबॉलप्रेमी मृत्युमुखी पडले. सकाळी घरून निघालेले ते तरुण खेळ पाहावयास गेले होते. दरवर्षी या दिवशी त्यांचे स्मरण केले जाते.

कोल्हापूरही या दोषापासून मुक्त राहिलेले नाही. प्रतिस्पर्ध्यांना डिवचणाऱ्या घोषणा, मैदानात फेकल्या जाणाऱ्या बाटल्या, सामन्यानंतर पेठांमधून होणारी दगडफेक आणि हाणामारी असे प्रकार वेळोवेळी घडले आहेत. त्यांचे परिणाम सामन्याच्या दिवसापुरते मर्यादित राहत नाहीत. ज्या तरुणावर गुन्हा नोंदला जातो, त्याला पुढे पोलीस दलात, सैन्यात किंवा शासकीय सेवेत जावयाचे झाल्यास चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो गुन्हा आडवा येतो. एका सायंकाळच्या आवेशाची किंमत त्याचे कुटुंब वर्षानुवर्षे मोजत राहते. पुरस्कर्ते मागे हटतात, पालक मुलांना मैदानावर पाठविण्यास कचरतात, स्त्रिया तर गॅलरीकडे फिरकतही नाहीत. संघासाठी लढतो असे म्हणणारा हुल्लडबाज आपल्याच संघाचे मैदान बंद पाडीत असतो.

म्हणून पाठिंबा आणि वैर यांतील सीमारेषा स्पष्ट असणे अगत्याचे आहे. प्रतिस्पर्धी संघ नसेल तर सामनाच होऊ शकत नाही. कुस्तीच्या मैदानात चीतपट झालेला मल्ल उठून विजेत्याला आलिंगन देतो आणि प्रेक्षक दोघांनाही दाद देतात, ही कोल्हापूरच्याच मातीतील परंपरा आहे. तालमीचे नाव धारण करणाऱ्या संघांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी ती विसरून चालणार नाही.

स्थानिक संस्थांचे कार्य

प्रेक्षकाने मैदानावर यावे, अशी अपेक्षा करताना त्याला येता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे हे स्थानिक संस्थांचे काम आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज असतेच असे नाही.

ग्रामपंचायतीने गावातील मैदानाची हद्द निश्चित करून घ्यावी, पावसाळ्यानंतर ते सपाट करून घ्यावे आणि वर्षातून काही दिवस तरी केवळ सामन्यांसाठी राखून ठेवावेत. शेजारच्या पाच-सहा गावांनी मिळून एखादी छोटी साखळी स्पर्धा ठरवली आणि बाजाराचा दिवस व शेतीच्या कामांचे दिवस टाळून वेळापत्रक आखले, तर प्रेक्षकांची उणीव भासणार नाही. सामन्याचे वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे ही अगदी साधी बाब आहे. पण कित्येक सामने केवळ कोणाला माहीत नसल्यामुळे रिकाम्या मैदानावर खेळले जातात.

शिक्षकांचा वाटा याहून मोठा आहे. महाराष्ट्र शासनाने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातील विद्यार्थ्यांना एकाच दिवशी फुटबॉल खेळण्यास प्रवृत्त करण्याचा उपक्रम राबविला होता. अशा उपक्रमांतून मुलांच्या पायाला चेंडू लागतो. परंतु खेळाडूबरोबरच प्रेक्षकही घडवावा लागतो. शाळेचा सामना असेल तेव्हा वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शिक्षकांनी तो पाहण्यास नेले, खेळाचे नियम समजावून दिले आणि प्रतिस्पर्धी शाळेच्या चांगल्या खेळालाही टाळी द्यावयास शिकवले, तर उद्याची गॅलरी आपोआप सुसंस्कृत होईल. मुलींच्या सामन्यांना तर याची अधिकच गरज आहे. मुलींचा संघ तयार करणाऱ्या शाळा वाढत आहेत, मात्र त्यांचा सामना पाहावयास येणारे गावकरी अजून थोडेच आहेत. गावाने पाहिलेली मुलगी खेळ सहजासहजी सोडत नाही, आणि तिच्या घरचेही तिला सहसा अडवत नाहीत.

मोठ्या सामन्यांच्या बाबतीत प्रशासनाने, पोलिसांनी आणि संयोजकांनी संघांच्या प्रमुखांसह आधी बैठक घेणे हितावह ठरते. दोन्ही संघांच्या पाठीराख्यांची ये-जा वेगळ्या दारांनी व्हावी, पिण्याच्या पाण्याची, प्रथमोपचाराची आणि स्वच्छतागृहांची सोय असावी, स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी बसण्याची स्वतंत्र जागा असावी. तालमींच्या ज्येष्ठ मंडळींनी गॅलरीत तरुणांच्या मधोमध बसावे. पेठेतील वडीलधाऱ्या माणसाचा एक शब्द पुष्कळदा बंदोबस्तापेक्षा अधिक परिणामकारक ठरतो, हा सर्वांचाच अनुभव आहे.

तात्पर्य, क्रीडारसिकाने गावच्या संघाच्या पाठीशी उभे राहावे काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागेल. मात्र त्याचे कारण गावचा संघ सर्वांत चांगला आहे, हे नव्हे. कारण एवढेच की, ज्या संघाला प्रेक्षकाची खरी गरज आहे असा तोच एक संघ आहे. रात्री पडद्यावर जगातील उत्तम खेळ अवश्य पाहावा. दुसऱ्या दिवशी सायंकाळी एखादा तास काढून गावच्या मैदानाच्या कडेलाही उभे राहावे. तेथे खेळणाऱ्या मुलांना टाळी कोणी वाजवली हे दिसत असते आणि ते त्यांच्या दीर्घकाळ स्मरणात राहते.